गोगलगाय का सापडली नाही? तळ्याच्या तळाचे जीव मोजण्याची पद्धत, नाशिकच्या धरणांपासून माथ्यावरच्या मऊ पाण्यापर्यंत

तळातून काढलेल्या गाळात गोगलगाय नाही, शिंपला नाही, एकूण प्रकारही मोजकेच. हा नमुना नाशिक शहराच्या खालच्या अंगाला गोदावरीतून आला असेल तर त्याचा एक अर्थ होतो. डोंगरमाथ्यावरच्या, फक्त पावसावर भरणाऱ्या तळ्यातून आला असेल तर दुसराच. पहिल्या ठिकाणी सांडपाण्याची शंका घ्यायची, दुसऱ्या ठिकाणी कॅल्शियमची आणि सामूची (पीएच, म्हणजे पाणी किती आम्लधर्मी वा अल्कधर्मी ते). या दोन्हींची गल्लत बहुतेक वेळा नमुना घेतानाच होते: जाळी चुकीची, खोली लिहिलेली नाही, सामू कागदाच्या पट्टीने पाहिलेला, शंख फॉर्मालिनमध्ये (नमुने टिकवायच्या रसायनात) विरून गेलेले. म्हणून सुरुवात पहिल्या पायरीपासून करू.

तळजीव म्हणजे गाळात, दगडाखाली, कुजत्या पानांत राहणारे, कणा नसलेले आणि नुसत्या डोळ्यांना दिसणारे प्राणी. चतुर आणि टाचणीच्या अळ्या, मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या उडणाऱ्या कीटकांच्या अळ्या, कायरोनोमिड माश्यांच्या अळ्या (त्यातल्या काही लालभडक), गोगलगायी, शिंपले, जळवा, आणि मत्स्यालयवाले ज्याला ट्युबिफेक्स म्हणतात ते गाळातले बारीक गांडूळ. बाटलीत भरलेलं पाणी त्या घटकेचं सांगतं. तळजीव महिनोन्‌महिने तिथेच असतात, त्यामुळे मागच्या हंगामात काय होऊन गेलं तेही त्यांच्यावरून कळतं.

आधी पाणी मोजा, मग गाळाला हात लावा

द्राक्षबाग असलेल्या कुणालाही सामू आणि ईसी (विद्युतवाहकता, म्हणजे विरघळलेल्या क्षारांचं माप) समजावून सांगावे लागत नाहीत. तेच मीटर इथे चालतात, पण मऊ, म्हणजे क्षार फार कमी असलेल्या पाण्यात ते फसवतात.

नाशिक जिल्ह्याचा खडक बेसॉल्ट. तो झिजतो तेव्हा कॅल्शियम, मॅग्नेशियम आणि बायकार्बोनेट पाण्यात उतरतात. म्हणून आपल्या धरणांचं, विहिरींचं पाणी साधारणपणे किंचित अल्कधर्मी असतं आणि थोडंफार आम्ल सहज पचवतं. नॉर्वे, स्वीडन, कॅनडाच्या ज्या तळ्यांवर आम्लतेचा सगळा अभ्यास उभा आहे ती ग्रॅनाइटवर आणि पातळ मातीवर आहेत. तिथल्या पाण्यात आम्ल पचवायला जवळपास काहीच नसतं. कोळसा जाळून हवेत गेलेलं गंधक पावसातून उतरलं आणि सामू सरळ खाली गेला. तिथली कोष्टकं उचलून गंगापूर धरणाला लावली तर उत्तर चुकणारच.

आपल्याकडे मऊ पाणी शोधायचं तर पाणलोट लहान, माती पातळ आणि भरणा थेट पावसाचा अशी जागा बघावी लागते. अंजनेरीच्या माथ्यावरचा पावलाच्या आकाराचा तलाव किंवा इगतपुरी-त्र्यंबक पट्ट्यातल्या सड्यांवरची पावसाळी डबकी ही त्या जातीची ठिकाणं. पावसाच्या शुद्ध पाण्याचाही सामू हवेतल्या कार्बन डायऑक्साइडमुळे 5.6 च्या आसपास असतो. दगडाशी जितका कमी वेळ संबंध, तितकं पाणी पावसासारखं. तरी मोजल्याशिवाय वहीत ‘आम्लधर्मी’ लिहू नका.

सामूच्या कागदी पट्ट्या मऊ पाण्यात निरुपयोगी आहेत. पट्टीतला रंग स्वतःच आम्ल किंवा अल्क असतो आणि इतक्या हलक्या पाण्याचा सामू तोच बदलून टाकतो. मीटर वापरा. धरणासाठी 7.0 आणि 9.2 च्या द्रावणांवर जुळवा, मऊ पाण्यासाठी 4.0 आणि 7.0 वर. जुळवल्यानंतर इलेक्ट्रोड डिस्टिल्ड पाण्याने धुवा, मग त्याच तळ्याच्या पाण्यात दोनदा विसळा आणि तिसऱ्या ताज्या पाण्यात वाचन घ्या. ईसी कमी असलेल्या पाण्यात आकडा स्थिरावायला तीन ते पाच मिनिटं लागतात. आकडा सरकत असताना वही उघडू नका. पाणी ढवळत वाचन घेतलं तर ते वेगळं येतं, म्हणून भांडं शांत ठेवा. आणि हे सगळं काठावरच करा. बाटली घरी नेईपर्यंत कार्बन डायऑक्साइडची ये-जा होते आणि सामू बदलतो.

वेळ न चुकता लिहा. शेवाळ भरपूर असलेल्या पाण्यात दुपारपर्यंत प्रकाशसंश्लेषणाने सामू चढतो. सकाळी आठचं आणि दुपारी तीनचं वाचन एका रांगेत ठेवण्यात काही अर्थ नाही. सकाळची वेळ ठरवा आणि तीच पाळा.

ईसी मीटर बागेत 1413 मायक्रोसीमेन्सच्या द्रावणावर जुळवलेला असतो. मऊ पाण्यासाठी 84 चं द्रावण मागवा, नाहीतर खालच्या टोकाला चूक मोठी येते.

सगळ्यात कामाचा आकडा अल्कलिनिटीचा, म्हणजे आम्ल पचवण्याच्या ताकदीचा. 100 मिलि पाण्यात ब्रोमोक्रेसॉल ग्रीन किंवा मिथाइल ऑरेंज हा रंगसूचक टाका आणि ब्युरेटमधून (मापाच्या खुणा असलेल्या तोटीच्या नळीतून) 0.02 नॉर्मल सल्फ्युरिक आम्ल सोडा. रंग बदलेपर्यंत जितके मिलि लागले त्याला 10 ने गुणा. उत्तर मिलिग्रॅम प्रति लिटर, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशोबात. मऊ पाण्यात दोन-चार थेंबांतच रंग पलटतो आणि वाचनाला काही अर्थ उरत नाही. तिथे आम्ल दहापट पातळ, 0.002 नॉर्मल करा. मग 1 मिलि म्हणजे 1 मिलिग्रॅम. हा आकडा 10 च्या खाली आला तर ते तळं आम्लतेला हळवं आहे असं समजा, सामू आज 6.5 दिसत असला तरी.

केव्हा आणि कुठे

कोजागिरी उलटल्यावर पंधरा-वीस दिवसांनी सुरुवात करावी आणि होळीच्या आधी मुख्य काम आटोपावं. पावसाळ्यात गढूळ पुराने तळ धुतला जातो आणि होडीही धोक्यात येते. मे महिन्यातली एक फेरी वेगळ्या कारणासाठी उपयोगी आहे: खोल धरणात वरचं पाणी तापून हलकं होतं, खालच्या थराशी मिसळत नाही आणि तळाचा ऑक्सिजन संपतो. तिथे तेव्हा कायरोनोमसच्या लाल अळ्या, ट्युबिफेक्स आणि काचेसारखी पारदर्शक कायोबोरस अळी एवढंच सापडलं तर नवल नाही. लाल अळीच्या रक्तात हिमोग्लोबिन असतं, म्हणून ती अशा ठिकाणी तग धरते. डिसेंबरचा आणि मेचा नमुना एकमेकांशी ताडून पाहताना हे डोक्यात ठेवा.

धरण आणि नैसर्गिक तळं यांच्यातला मोठा फरक पाण्याच्या चढउताराचा. पावसाळ्याअखेर गंगापूर, दारणा, मुकणे काठोकाठ भरतात आणि उन्हाळ्यापर्यंत कित्येक मीटर उतरतात. म्हणजे डिसेंबरात ज्या काठावर तुम्ही गुडघाभर पाण्यात उभे असता, तो काठ काही महिन्यांपूर्वी कोरडा, भेगाळलेला होता. तिथे जीव कमी असणारच. नुसतं ‘काठापासून 5 मीटर, खोली 1 मीटर’ असं लिहिलं तर पुढच्या वर्षी त्याचा उपयोग नाही. त्या दिवशीची धरणाची पातळी मीटरमध्ये लिहा. जलसंपदा विभाग ती रोज नोंदवतो. त्यावरून ती जागा वर्षातले किती महिने पाण्याखाली असते ते काढता येतं.

एका तळ्यात किमान तीन वेगवेगळ्या खोलींवर नमुने घ्या: काठाची वनस्पती किंवा दगड, मधला उतार आणि सर्वांत खोल भाग. प्रत्येक खोलीवर धरणात पाच नमुने पुरतात. पोषणद्रव्यं कमी असलेल्या स्वच्छ तळ्यात जीवच विरळ असतात, म्हणून तिथे आठ घ्या. तीन नमुन्यांत शून्य, शून्य आणि नऊ असं येतं तेव्हा सरासरी काढून काहीच हाती लागत नाही.

नांदूर मधमेश्वर अभयारण्य आहे आणि महाराष्ट्रातलं पहिलं रामसर स्थळही (आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा). वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय तिथे एक शिंपलाही उचलू नये. अंजनेरीलाही वनविभागाकडे आधी अर्ज करा. धरणावर जलसंपदा विभागाची परवानगी हवी, आणि पाण्याचं आवर्तन कधी सुटणार ते विचारूनच होडी काढा.

अवजारं

मऊ गाळासाठी एकमन ग्रॅब: 15 सेंमी बाय 15 सेंमीची पेटी, खाली स्प्रिंगवर ताणलेले दोन जबडे, वर उघडझाप होणाऱ्या दोन झडपा. एकदा टाकला की 0.0225 चौरस मीटर तळ उचलला जातो. गोटे आणि मुरूम असेल तिथे एकमन बंदच होत नाही. तिथे जड पोनार ग्रॅब लागतो आणि तो ओढायला कप्पी असलेली होडी. ही सोय नसेल तर दगडाळ काठावर इंग्रजी ‘डी’च्या आकाराची हातजाळी वापरा: तीन मिनिटं दगड पायाने हलवत, खालून जाळी फिरवत. अशा नमुन्याचा चौरस मीटरचा हिशोब होत नाही, फक्त प्रकार आणि प्रमाण कळतं, हे अहवालात स्पष्ट लिहा.

डोंगरावर होडी नाही आणि ग्रॅब चढवणंही जिकिरीचं. 75 मिमीचा पीव्हीसी पाइप मीटरभर कापा, एका तोंडाची कड बाहेरून कानशीने धारदार करा आणि दुसऱ्या तोंडात घट्ट बसणारं रबरी बूच ठेवा. कमरेएवढ्या पाण्यापर्यंत हा उत्तम चालतो. पाइप सरळ 10 ते 15 सेंमी गाळात दाबा, पाइप पाण्याने पूर्ण भरून वरचं बूच लावा, हळू उपसा आणि पाण्याबाहेर येण्याआधी खालच्या तोंडावर तळहात धरा. बूच लावायच्या आधी पाइपमध्ये हवा राहिली तर गाळ निसटतो. आतला व्यास पट्टीने मोजा. 70 मिमी असेल तर क्षेत्रफळ 38.5 चौरस सेंमी. इतक्या लहान क्षेत्रासाठी दहा तरी वेळा पाइप टाकावा लागतो.

जाळीच्या छिद्रावर सगळा निकाल अवलंबून असतो. नेहमीच्या कामाला 500 मायक्रॉन, आणि कायरोनोमिडच्या लहान अळ्या मोजायच्या असतील तर 250. मच्छरदाणीचं कापड यापेक्षा फारच विरळ असतं. मातीपरीक्षणाच्या प्रयोगशाळांत 500 आणि 250 मायक्रॉनच्या पितळी चाळण्या असतात, त्या सर्वांत खात्रीच्या. कापडी जाळी घेणार असाल तर एका सेंटिमीटरमधले दोरे भिंगातून मोजा; 10 मिमीला त्या संख्येने भागा आणि दोऱ्याची जाडी वजा करा, तेवढं छिद्र. सेंटिमीटरला 12 दोरे आणि दोरा 0.3 मिमी असेल तर छिद्र अर्ध्या मिलिमीटरच्या जरासं वर जातं. एकदा ठरवलेलं छिद्र मधल्या वर्षात बदलू नका.

ग्रॅब टाकताना

होडी मच्छीमार सोसायटीची असेल तर दोरी धरणाऱ्या मामांना काम आधी काठावर करून दाखवा. होडी दोन बाजूंनी नांगरा, नाहीतर वाऱ्याने ती सरकते, दोरी तिरकी होते आणि ग्रॅब आडवा पडतो. लाइफ जॅकेट सगळ्यांनी घालायचं, ज्यांना पट्टीचं पोहता येतं त्यांनीही. एकट्याने कधीच जाऊ नये.

जबडे ताणून अडकवताना बोटं आत घालू नका. स्प्रिंग सुटली तर बोट चिरतं. ग्रॅब सोडा आणि तळ साधारण मीटरभर राहिल्यावर वेग एकदम कमी करा. झपाट्याने उतरला तर त्याच्या पुढची पाण्याची लाट तळावरचा भुसभुशीत थर उडवून देते. सगळ्यात जास्त जीव त्याच वरच्या दोन-चार सेंटिमीटरांत असतात. तळ लागल्याचं हाताला कळतं, दोरी ढिली पडते. दोरी सरळ उभी ताणून धरा आणि तिच्यावरून वजन सोडा. ते ठक्‌ करून आदळतं आणि जबडे मिटतात. मग एकसारख्या वेगाने वर ओढा, हिसके नकोत.

वर आल्यावर झडप उघडून आधी आत पाहा. गाळावर स्वच्छ पाणी उभं असेल आणि पृष्ठभाग सपाट असेल तर नमुना चांगला. जबड्यात काडी किंवा खडा अडकून फट राहिली असेल, गाळ वरच्या झडपेला टेकला असेल, किंवा पेटी अर्ध्याहून रिकामी असेल तर टाकून द्या आणि होडी मीटरभर सरकवून पुन्हा टाका. टाकून दिलेले किती, तेही लिहा. काळ्या मातीच्या पाणलोटात गाळ लोण्यासारखा असतो. ग्रॅब त्यात रुततो आणि वरून ओसंडतो. अशा वेळी जोडीची वजनं काढून ग्रॅब हलका करा.

चाळणं

काळी चिकणमाती चाळणीत थेट ओतली की ती बसते आणि पाणी वरून वाहू लागतं. घाईने हाताने चोळलं की गांडुळांचे तुकडे होतात, मेफ्लायचे कल्ले गळतात आणि ओळख अशक्य होते. गाळ बादलीत घ्या, तळ्याचंच गाळलेलं पाणी घाला, हलक्या हाताने गोल फिरवा आणि वरचं पाणी चाळणीत ओता. असं पाच-सहा वेळा. शेवटी खाली उरलेले खडे आणि शंख वेगळे पाहा. चाळणी पाण्याच्या पृष्ठभागावर धरून खालीवर करा. वरून जोराची धार मारू नका, बारीक अळ्या छिद्रातून निघून जातात. पाणी गाळलेलं हवं, कारण न गाळलेल्या पाण्यातून पोहणारे जीव नमुन्यात शिरतात.

स्वच्छ, पोषण कमी असलेल्या तळ्यात गाळ थोडा आणि पानकचरा जास्त असतो. आम्लधर्मी पाण्यात पानं कुजायलाही वेळ लागतो. इथे एकेक पान दोन्ही बाजूंनी धुवा. कॅडिसफ्लायच्या काही अळ्या पानाचेच तुकडे जोडून घर करतात, आणि ते घर पाण्यात साध्या कचऱ्यासारखं दिसतं. पांढऱ्या ट्रेमध्ये थोड्या पाण्यात मिनिटभर काही न करता बघत राहिलं की एखादा ‘कचरा’ एका टोकाने चालू लागतो: आधी डोकं बाहेर येतं, मग सहा पाय, आणि मागे घर ओढलं जातं.

टिकवणं

95 टक्के इथेनॉल (स्पिरिट) सर्वांत चांगलं. ओल्या नमुन्याच्या तिप्पट आकारमानाचं घातलं की एकूण सुमारे 70 टक्के होतं. म्हणजे बाटलीचा जास्तीत जास्त पाव भाग नमुना. डबाभर गाळ भरून वर बोटभर स्पिरिट ओतलं तर दोन दिवसांत सगळं कुजतं. चोवीस तासांनी ते ओतून ताजं 70 ते 80 टक्क्यांचं भरा, कारण प्राण्यांच्या अंगातलं पाणी त्यात उतरलेलं असतं. इथेनॉलचा परवाना नसलेल्या संस्थेला 70 टक्के आयसोप्रोपिल चालतं. नमुने थोडे कडक होतात इतकंच.

फॉर्मालिन शक्यतो टाळा. ते कर्करोगकारक आहे, आणि उघडी ठेवलेली बाटली आम्लधर्मी होते. मऊ पाण्यातल्या गोगलगायीचा आधीच पातळ असलेला शंख त्यात काही आठवड्यांत विरतो आणि ‘या तळ्यात शंख नाहीत’ असा खोटा निकाल बाटलीतच तयार होतो. वापरावंच लागलं तर तळाशी थोडा न विरघळता उरेल इतका बोरॅक्स घाला, आणि गोगलगायी-शिंपले नेहमी स्पिरिटमध्येच ठेवा.

जळू थेट स्पिरिटमध्ये टाकली की गोळा होते. आधी साध्या सोडा वॉटरमध्ये ढिली होऊ द्या. झाकणवाल्या गोगलगायींसाठी पाण्यात मेन्थॉलचे दोन-तीन खडे टाकून रात्रभर ठेवा. झाकण उघडंच राहतं.

चिठ्ठी बाटलीच्या आत, जाड कागदावर, पेन्सिलने. बॉलपेनची शाई स्पिरिटमध्ये उडते. ठिकाण, खोली, धरणाची पातळी, तारीख, वेळ, कितवा नमुना, जाळीचं छिद्र.

वेचणं आणि मोजणं

त्याच संध्याकाळी जिवंत वेचता आलं तर फार बरं. जे हलतं ते दिसतं. उशीर होणार असेल तर स्पिरिटमध्ये थोडा रोझ बेंगॉल रंग घाला, प्राणी गुलाबी होतात आणि कचरा बराचसा तसाच राहतो. कचरा फारच असेल तर साखरेचं पाणी करा: लिटरभर पाण्यात 390 ग्रॅम साखर, घनता 1.12 च्या आसपास. ताजा नमुना त्यात सोडला की अळ्या आणि गांडुळं वर तरंगतात. गोगलगायी, शिंपले आणि वाळूची घरं असलेले कॅडिस खालीच राहतात, म्हणून खालचा साका पाहिल्याशिवाय फेकू नका.

गांडुळाचं डोकं असलेला तुकडाच मोजा, नाहीतर एकाचे चार होतात. शंख मोजताना आत प्राणी आहे ना ते पाहा. जड पाण्यात रिकामे शंख वर्षानुवर्षं गाळात टिकतात. ते जुन्या तळ्याची खूण आहेत, आजची नव्हेत.

हिशोब सोपा. पाच एकमन नमुने म्हणजे 0.1125 चौरस मीटर. एकूण 63 जीव निघाले तर 63 भागिले 0.1125, म्हणजे चौरस मीटरला 560. पाचही नमुन्यांचे आकडे सुटे द्या, नुसती सरासरी नको.

कोण सापडलं, कोण नाही

नाशिकच्या जड, पोषणभरल्या पाण्यात बेलामिया, मेलॅनॉइड्स, लिम्निया, इंडोप्लॅनॉर्बिस या गोगलगायी आणि लॅमेलिडेन्स शिंपला यांची अपेक्षा ठेवावी. इंडोप्लॅनॉर्बिस असलेल्या उथळ पाण्यात जनावरांच्या कृमींचे डिंभ (अळ्या) असू शकतात आणि माणसाच्या कातडीला खाज उठते, म्हणून गमबूट घाला.

आम्लतेचा माग घ्यायचा तर क्रम लक्षात ठेवा. नॉर्वेतल्या तळ्यांत गॅमारस लॅकस्ट्रिस हा झिंग्यासारखा प्राणी सामू 6 च्या खाली सापडत नाही आणि गोगलगायी 5.2 च्या खाली. कॅनडात ओंटारिओमधल्या ‘लेक 223’ या तळ्यात 1976 पासून मुद्दाम सल्फ्युरिक आम्ल घालून सामू 6.8 वरून काही वर्षांत 5 च्या आसपास आणला. मायसिस हा झिंगा सामू 6 च्या जरा खाली येताच संपला, मासे मोठ्या प्रमाणात मरायच्या कितीतरी आधी. नंतर तिथल्या क्रेफिशला (गोड्या पाण्यातला शेवंडासारखा प्राणी) कात टाकल्यावर नवं कवच कडक करता येईना. कारण सरळ आहे: कवचाला कॅल्शियम लागतं, आणि आम्लधर्मी पाण्यात ते मिळणं अवघड होतं. शिवाय कल्ल्यांतून शरीरातलं सोडियम बाहेर जातं, आणि मातीतलं अ‍ॅल्युमिनियम विरघळून विषारी ठरतं. आपल्याकडे गॅमारस शोधू नका. ही नावं तिथली, पण शंखवाले आणि कवचवाले आधी जातात हा क्रम इथेही तपासता येतो.

त्याची पहिली खूण जिवंत गोगलगायीवरच दिसते. ती हातात घ्या, पुसा आणि शंखाचं टोक भिंगातून पाहा. टोक म्हणजे तिचं बालपणीचं शंख, सर्वांत जुना भाग. मऊ पाण्यात त्यावरची तपकिरी साल फाटते, खालचा पांढरा चुना उघडा पडतो आणि खळगे पडतात. खालचा नवा वेढा मात्र गुळगुळीत असतो. वीस गोगलगायींपैकी कितींची टोकं अशी झिजली ते लिहा. गोगलगायी नाहीशा व्हायच्या आधीच हा आकडा बोलू लागतो.

आता मूळ प्रश्न, सांडपाणी की आम्लता. सांडपाण्यात प्रकार थोडे आणि संख्या प्रचंड: लाल अळ्या आणि ट्युबिफेक्स चौरस मीटरला हजारोंनी, गाळ काळा, सडक्या अंड्याचा वास, ईसी चढलेली. आम्लधर्मी, पोषण कमी असलेल्या तळ्यात प्रकार थोडे आणि संख्याही थोडी. पाणी नितळ किंवा चहासारखं, ईसी नगण्य, गोगलगायी आणि बेटिस जातीच्या मेफ्लाय गायब, पण चतुराच्या अळ्या आणि पाणढेकूण टिकून. मासे नसतील तर हे दोन्ही वाढलेलेही दिसतात, कारण त्यांना खाणारंच कुणी उरत नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या जैविक पद्धतीत प्रत्येक कुळाला गुण देऊन त्यांची सरासरी काढतात. ती सेंद्रिय प्रदूषणासाठी आहे. अंजनेरीसारख्या तळ्याला ती लावून गुण कमी आले म्हणून ‘प्रदूषित’ असा शिक्का मारू नये. गुणांशेजारी अल्कलिनिटीचा आकडा छापा, वाचणाऱ्याला कारण तिथेच मिळेल.

काम संपल्यावर चाळणी, जाळी, गमबूट आणि दोरी त्याच काठावर खरवडून धुवा आणि उन्हात दोन दिवस पूर्ण वाळवा. गोगलगायीची अंडी दोरीच्या पिळात अडकतात. एकाच दिवशी दोन तळी करायची असतील तर माथ्यावरचं आधी करा आणि धरणाचं नंतर. उलट क्रमाने कधीच नको.